24 इंची दगडकापी करवत घरी नीट करताना

जुनी दगडकापी करवत बघायला गेलं की विकणारा आधी पातं दाखवतो. हिऱ्याची कड किती शिल्लक आहे ते नख लावून दाखवतो, मोटार चालू करतो, आणि यंत्र फिरतंय म्हणजे ठीक आहे असं आपणही धरून चालतो. मी ही करवत बघताना पात्याला हात लावायच्या आधी पुलीकडून शाफ्ट धरला आणि आत-बाहेर ढकलून पाहिला. तो खटखट वाजला. मग गाडा रुळांवरून पुढे-मागे सरकवला. दोन्ही टोकांना तो घट्ट चालत होता आणि मध्ये आल्यावर डुलत होता. बेअरिंगं गेली होती, रूळ मधे झिजले होते. पण टाकीचा पत्रा जाड होता, सांगाडा कुठे पिळला नव्हता आणि वेल्डिंगला तडे नव्हते. बेअरिंग, रूळ, पट्टे, पातं हे सगळं बदलता येतं. पिळलेला सांगाडा घरी सरळ करता येत नाही. म्हणून घेतली.

ज्यांनी अशी करवत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पत्र्याची मोठी टाकी, तिच्यावर बिजागरीचं झाकण. आत आडव्या शाफ्टवर 24 इंच व्यासाचं पोलादी पातं, दोन्ही बाजूंनी 6 इंची फ्लँजमध्ये, म्हणजे जाड लोखंडी चकत्यांमध्ये, आवळलेलं. फ्लँजच्या बाहेर पात्याचे 9 इंच उरतात, त्यातून साधारण 8 इंच जाडीचा दगड पार होतो. पात्याची खालची कड तेलात बुडलेली असते. फिरताना ती तेल वर आणते, दगडाच्या खाचेत नेते आणि तिथला भुगा धुऊन खाली टाकते. दगड शिकंज्यात, शिकंजा गाड्यावर, गाडा दोन गोल रुळांवर. लांब आट्यांचा एक स्क्रू तो गाडा पात्याकडे ओढत नेतो, तोही अगदी हळू. अकीकासारख्या दगडाला मिनिटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, हा बरा वेग. आठ इंची दगडाला तासाहून जास्त वेळ लागतो.

इतकं हळू का, हे दगडाकडे पाहिलं की कळतं. फ्रीडरिख मोस यांनी 1812 साली मांडलेल्या कठीणपणाच्या श्रेणीत गारगोटी 7 वर आहे आणि हिरा 10 वर. अकीक म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांची गारगोटीच, पण त्यातले तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की तो फोडायलाही चिवट. लाकडाच्या करवतीला दात असतात, हिला नसतात. हिच्या कडेच्या धातूत हिऱ्याचे कण रुतवलेले असतात आणि प्रत्येक कण दगडाचा चिमूटभरही नाही इतका अंश खरवडून नेतो. हिऱ्याची पाती सगळीकडे येण्याआधी पोलादाच्या कोऱ्या चकतीवर कार्बोरंडमचा (म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या कठीण पुडीचा) चिखल सोडून दगड कापत. 1954 साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला, आणि आज अशा पात्यांत बहुतेक तोच असतो.

आता अडचण अशी की हे पातं म्हणजे जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची चकती, आणि ती तासभर आठ इंच खोल खाचेत फिरत राहणार. गाडा तिला सरळ न जाता किंचित तिरका भेटत असेल, तर पातं खाचेच्या एका भिंतीला घासतं, त्या बाजूने तापतं, ताणलं जातं आणि शेवटी परातीसारखं खोलगट होतं. एकदा तसं झालं की साध्या हातोडीने ते सरळ होत नाही. म्हणून या सगळ्या दुरुस्तीत माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं: गाड्याची वाट आणि पात्याचं अंग एकमेकांना समांतर असलं पाहिजे. चकाचक रंग दिलेली, पण ही समांतरता नसलेली करवत नवी पाती खात राहते. उलट गंजका रंग असलेली, पण नेमकी जुळवलेली करवत वर्षानुवर्षं सरळ काप देते.

आणण्याचं काम फारसं सांगण्यासारखं नाही. मोटार, पातं, गाडा, झाकण असं सगळं आधी सुटं केलं, सांगाडा पहारीने उचलून पाईपच्या तुकड्यांवर घेतला आणि ढकलत नेला. सुटं करण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढले, आणि बेअरिंगखालच्या पॅकिंग पट्ट्या कुठल्या बाजूला किती होत्या ते मार्करने पत्र्यावरच लिहून ठेवलं. हे लिहिणं पुढे फार कामाला आलं.

खरी सुरुवात गाळापासून. टाकीच्या तळाशी चार बोटं गाळ होता. वर थोडं काळं तेल, खाली करडा, घट्ट, कलथा रुतेल असा थर. तो दगडाचाच भुगा, तेलात मिसळून बसलेला. त्याला रॉकेलचा वास येत होता. पूर्वी बरेच जण स्वस्तात भागवायला कापण्याच्या तेलात रॉकेल किंवा डिझेल मिसळत. रॉकेलला पेट घेण्याइतकी वाफ सुटायला 40 अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमानही पुरतं. त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी होऊन साबणाच्या पाण्याने धुतली जाईपर्यंत मी तिच्याजवळ ग्राइंडर किंवा ठिणगी उडवणारं कुठलंही अवजार आणलं नाही. आणखी एक धोका जुन्या करवतींत असतो. काही लोक ट्रान्सफॉर्मरचं तेल वापरत, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलात पीसीबी नावाची घातक रसायनं असू शकतात. ती रसायनं त्वचेतून शरीरात जातात आणि तिथे साठून राहतात. आधी कुठलं तेल वापरलं ते माहीत नसेल तर नायट्राइलचे हातमोजे घालूनच हात घालायचा.

गाळ काढला तो जाड कापडाच्या पिशव्यांत भरून टांगला, खाली बादल्या ठेवल्या. तेल थेंबाथेंबाने गळत राहतं, त्याला घाई करता येत नाही. पिशवीत उरलेला लगदा ओलसर असतानाच झाकणाच्या डब्यात बंद केला. हे ओलसरपण महत्त्वाचं आहे. अकीक, जास्पर, गारगोटी, सगळ्यांत सिलिका असते, आणि हा भुगा इतका बारीक असतो की वाळून उडाला तर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. सिलिकोसिस बरा होत नाही. म्हणून टाकीच्या भिंतींना चिकटलेला थरसुद्धा मी आधी तेलाने भिजवला आणि मग खरवडला. कोरडा तारेचा ब्रश कुठेच लावला नाही. बाहेरचा जुना रंगही ओल्या वॉटरपेपरनेच घासला, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं. तेल आणि लगदा दोन्ही गटारात किंवा मातीत जाऊ नयेत. घातक कचरा घेणाऱ्यांकडे डबे गेले.

टाकी धुऊन निघाल्यावर ती गळते का हे बघायचं होतं. त्यासाठी वेल्डिंगवाल्यांची जुनी पद्धत आहे आणि ती उत्तम चालते. जोडांच्या बाहेरच्या बाजूने चुन्याचा पातळ हात दिला, तो वाळू दिला, आणि आतून जोडांवर रॉकेलचा फडका फिरवला. रॉकेल पाण्यापेक्षा कितीतरी बारीक फटीतून झिरपतं. काही वेळाने पांढऱ्या चुन्यावर एका कोपऱ्यात राखाडी डाग उमटला आणि पसरत गेला. पाणी भरून बघितलं असतं तर ती फट कळलीही नसती, आणि पुढे तिथून महिनोन्‌महिने तेल पाझरत राहिलं असतं. कोपरा पुन्हा धुऊन, पूर्ण कोरडा करून, वाफ उरलेली नाही याची खात्री करून वेल्डिंग करून घेतलं. आतून रंग दिला नाही. तेलात बुडालेला पत्रा गंजत नाही, आणि सुटलेल्या रंगाचे पापुद्रे पात्याखाली येणं मला नको होतं.

मग शाफ्ट. जुन्या बेअरिंगांत गाळ शिरून गोळ्यांवर खड्डे पडले होते. दोन्ही प्लमर ब्लॉक, म्हणजे बैठकीसकट येणारी बेअरिंगं, बदलले, दोन्ही बाजूंना सील असलेले घेतले. पण त्याआधी शाफ्ट आणि फ्लँज लेथवर न्यायचे होते. ज्यांच्याकडे नेले ते टर्नरकाका आयुष्यभर लेथवर काम केलेले.

“काका, फ्लँज नुसत्या चकमध्ये धरून फेसिंग करू नका, तोंड असं सपाट करू नका. शाफ्टवर बसवूनच करा,” मी म्हटलं.

“शाफ्टसकट सेंटरमध्ये धरायचं म्हणजे वेळ जाईल, ताई.”

“जाऊ दे. सहा इंचाच्या फ्लँजवर एक शतांश चुकला, तर चोवीस इंचाच्या पात्याच्या कडेवर चार शतांश दिसतात.”

त्यांनी शाफ्ट हातात घेऊन उजेडाकडे धरला. “मग आधी हाच तपासू. हा वाकडा असेल तर फ्लँज सरळ करून काय करायचंय?”

हे त्यांचं अगदी बरोबर होतं. शाफ्ट सेंटरमध्ये धरून डायल गेज, म्हणजे शतांश मिलिमीटर दाखवणारं काट्याचं माप, लावला. पुलीच्या बाजूला दोन शतांश मिलिमीटर, पात्याच्या बाजूला एक. एवढा चालतो. मग पात्याला टेकणारी फ्लँज शाफ्टवर चावीसकट बसवून तिथल्या तिथे फेसिंग झालं. मधला भाग त्यांनी किंचित खोल घेतला, म्हणजे फ्लँज पात्याला फक्त बाहेरच्या कड्याने पकडेल. पूर्ण सपाट फ्लँजच्या मध्यावर कचऱ्याचा एक कण अडकला तरी पातं डुलतं. कड्याने पकडणाऱ्या फ्लँजला तो त्रास नाही. बाहेरच्या सुट्या फ्लँजचंही तसंच करून घेतलं.

शाफ्ट परत बसवताना आत-बाहेरचा खेळ मारायचा होता. बेअरिंगचे ग्रब स्क्रू आवळून काम होतं असं वाटतं, पण पात्याचा बाजूने धक्का लागत राहिला की ते स्क्रू शाफ्टवरून सरकतात. म्हणून पात्याकडच्या बेअरिंगच्या दोन्ही अंगांना कॉलर टेकवून आवळल्या. पुलीकडचं बेअरिंग शाफ्टवर लांबीच्या दिशेने मोकळं ठेवलं, कारण शाफ्ट तापला की लांबतो आणि त्याला जायला एक बाजू लागते. शाफ्टच्या टोकाला गेज लावून दोन्ही हातांनी ढकलून-ओढून पाहिलं. काटा हलला नाही.

रुळांबाबत एक युक्ती सांगण्यासारखी आहे. गोल रूळ फक्त वरच्या बाजूने झिजतात, कारण गाड्याचं वजन तिथेच येतं. माझे रूळ मध्यावर झिजले होते, टोकांना नव्हते. नवे आणायच्या आधी ते टोकाच्या बोल्टांतून सैल करून अर्धा फेरा फिरवले. खालची कोरी बाजू वर आली. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेजची पातळ मापपट्टी घालून बघितलं, कुठे फट नाही. दोन्ही रूळ पाणसळीने एका पातळीत आणले आणि एकमेकांपासूनचं अंतर दोन्ही टोकांना व्हर्नियरने जुळवलं. रुळांवर सरकणाऱ्या गाड्याच्या बुशा मात्र बदलाव्याच लागल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. हे मी सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण इथे पात्याला लांब पट्टी लावून डोळ्यांनी अंदाज घेतात, आणि तो अंदाज पुरत नाही.

डायल गेजचं चुंबकी स्टँड गाड्यावर ठेवलं. गेजची सुई पात्याच्या पोलादावर, हिऱ्याच्या कडेच्या थोडी आत टेकवली. सुई टेकली तिथे मार्करने ठिपका दिला आणि गेज शून्यावर आणला. मग गाडा 400 मिलिमीटर मागे नेला, आणि पातं हाताने फिरवून तोच ठिपका सुईखाली आणला. तोच ठिपका, हे फार महत्त्वाचं. कुठलंही पातं थोडं तरी डुलतंच. पुढे एका जागी आणि मागे दुसऱ्या जागी मोजलं तर पात्याचं डुलणं आणि गाड्याचं तिरकेपण एकमेकांत मिसळतं, आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. ठिपका तोच ठेवला की डुलणं वजा होतं आणि गेजवर फक्त तिरकेपण उरतं.

माझ्याकडे फरक आला 0.6 मिलिमीटर. म्हणजे 400 मिलिमीटरच्या प्रवासात गाडा पात्यापासून अर्ध्या मिलिमीटरहून जास्त दूर जात होता. आधीचं पातं खोलगट का झालं होतं त्याचं उत्तर या एका आकड्यात होतं.

हा फरक काढायला रुळांना हात लावायचा नाही, ते एकदा जुळलेले आहेत. शाफ्ट वळवायचा. दोन बेअरिंगांमधलं अंतर 300 मिलिमीटर. 400 ला 0.6, तर 300 ला 0.45. म्हणजे एका बेअरिंगचा ब्लॉक 0.45 मिलिमीटर सरकला पाहिजे. पात्याकडचा ब्लॉक घट्ट ठेवला, पुलीकडच्या ब्लॉकचे बोल्ट अर्धवट सैल केले, दुसरा गेज त्या ब्लॉकलाच टेकवला आणि लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातोडीने टकटक करत नेला. काटा 0.45 वर आला की बोल्ट आवळले. आवळताना ब्लॉक पुन्हा सरकतो. म्हणून एक बोल्ट थोडा, मग दुसरा थोडा, असं आळीपाळीने, काट्यावर नजर ठेवून. पुन्हा ठिपका पुढे, ठिपका मागे. चार शतांश उरले. तिथे थांबले. ब्लॉक सरकू नये म्हणून शेवटी दोन्ही बाजूंनी सांगाड्यात टेकू-बोल्ट बसवले. पुढे कधी जुळवणी करावी लागली तर हातोडीची गरज पडू नये, त्या बोल्टनेच ब्लॉक रेटता यावा, हाही हेतू होता.

इथे एक गोष्ट समजून घेतली तर बराच वेळ वाचतो. पातं उभ्यात किंचित कललेलं असेल, म्हणजे ओळंब्यात नसेल, तर दगड अडकत नाही. काप तेवढा तिरका निघतो, पण सगळे काप सारखेच तिरके, म्हणून जाडी एकच राहते. पातं प्रवासाच्या दिशेपासून वळलेलं असेल तर मात्र पातं मरतं. पहिल्याला पॅकिंगच्या पट्टीने जमेल तेवढं ठीक करावं, दुसऱ्याला शतांशात पकडावं.

वेगाचाही हिशेब करायला हवा होता. आधीच्या मालकाने मोटारीवर 4 इंची आणि शाफ्टवर 8 इंची पुली लावली होती. मोटार मिनिटाला 1440 फेऱ्यांची, म्हणजे पातं 720 फेरे फिरत होतं. 24 इंची पात्याचा घेर 6.28 फूट, तेव्हा कडेचा वेग मिनिटाला साडेचार हजार फुटांच्या वर. मऊ दगडाला हे चालून जाईल. अकीकावर इतक्या वेगात हिऱ्याचे कण गुळगुळीत होतात, कड झिलईदार होते आणि कापणं थांबतं. शिवाय तेल खाचेत थांबत नाही, झाकणावर फेकलं जातं आणि धुकं होऊन बाहेर येतं. मी मोटारीवर 3 इंची आणि शाफ्टवर 10 इंची पुली बसवली. 432 फेरे, म्हणजे मिनिटाला सुमारे 2700 फूट. पट्टे ए सेक्शनचे दोन, एकाच मापाचे, एकाच वेळी घेतलेले. एक जुना एक नवा घातला तर सगळा भार नव्यावरच येतो.

गाडा ओढणाऱ्या स्क्रूला इंचाला 16 आटे आहेत. तो मिनिटाला 2 फेरे फिरला की गाडा बरोबर एक सूत सरकतो. स्क्रू चांगला होता, पण त्याला पकडणाऱ्या अर्ध्या नटाचे आटे धारदार होऊन गेले होते. जोर आला की नट स्क्रूवरून उडी मारायचा. टर्नरकाकांनी तो गनमेटलमध्ये नवा करून दिला. स्क्रू पोलादी आणि नट मऊ धातूचा, हे मुद्दाम ठेवायचं. झिजायचा तर नट झिजावा. या स्क्रूला फिरवणारा छोटा पट्टाही मी मुद्दाम थोडा सैल ठेवला आहे. दगडात कडक शीर लागली किंवा दगड शिकंज्यात हलला, तर तो पट्टा घसरतो आणि गाडा थांबतो. तो घट्ट केला तर थांबायचं काम पात्याला करावं लागेल.

विजेचं काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. मोटार बंद बॉडीची घेतली, कारण उघड्या मोटारीत तेलाचं धुकं आणि दगडाचा भुगा जातो. सांगाड्याला आणि मोटारीला अर्थिंग, मागे ईएलसीबी, म्हणजे वीज गळली तर पुरवठा तोडणारा स्विच. आणि नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर, म्हणजे वीज जाऊन परत आली तर करवत आपोआप सुरू होणार नाही. गाड्याच्या वाटेच्या शेवटी लिमिट स्विच आहे, काप पूर्ण झाला की तो मोटार बंद करतो. पातं न लावता, नुसता गाडा चालवून तो स्विच अनेकदा तपासला. मगच नव्या पात्याचं खोकं उघडलं.

तेल कुठलं, यावर मत पक्कं आहे: पांढरं मिनरल ऑइल, पातळ प्रतीचं, आणि दुसरं काही मिसळायचं नाही. ते रॉकेल-डिझेलच्या मानाने कितीतरी जास्त तापमानाला पेट घेतं, वास नाही, त्वचेला त्रास कमी. पाण्यावर चालणाऱ्या करवती असतात, पण पोलादी टाकी, रूळ आणि स्क्रू असलेल्या यंत्रात पाणी म्हणजे गंज, आणि कठीण दगडावर पातंही लवकर संपतं. टाकी मोठी असल्याने बरंच तेल लागतं. पात्यापासून दूरच्या कोपऱ्यांत विटा रचल्या, म्हणजे पातळी तेवढीच राहून तेल कमी लागतं. पात्याची कड पाऊण इंच बुडेल इतकी पातळी ठेवली. त्याहून जास्त बुडवलं तर नुसतं उडतं, कमी असेल तर खाचेत पोचत नाही. सच्छिद्र दगड मात्र या करवतीवर कापायचे नाहीत. फिरोज्यासारखा दगड तेल पितो आणि त्याचा रंगच बदलतो.

नवं पातं शेवटी आणलं. त्यावर फिरण्याचा बाण असतो, तरी भिंगातून कड बघण्याची सवय मला आवडते. वापरलेल्या पात्यात प्रत्येक हिऱ्याच्या कणामागे धातूची एक बारीक शेपटी उभी राहिलेली दिसते. पुढचा धातू झिजून कण उघडा पडलेला असतो, आणि मागची शेपटी त्याला आधार देत असते. पातं उलटं बसवलं तर हा आधार पुढे येतो आणि कण उपटून जातो. आधीच्या खोलगट पात्यावर भिंग धरलं तेव्हा शेपट्या कमी आणि रिकामे खड्डे जास्त दिसले. पोलादी अंगावरही एका बाजूने चकचकीत गोल घासपट्टे होते, गेजने सांगितलं होतं त्याच बाजूला. नवं पातं बसवून पुन्हा ठिपका ठेवून मोजलं. मग हाताने हळू गाडा सरकवत ते जुन्या सिलिकॉन कार्बाइडच्या घासचाकाच्या तुकड्यात थोडे काप घेऊन उघडलं. कोऱ्या पात्यात हिरे धातूखाली असतात. असं उघडल्याशिवाय थेट अकीकावर नेलं तर ते दगडावरून घसरत राहतं.

पहिल्या कापासाठी मध्यम आकाराचा जास्पर घेतला. शिकंज्याच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या लावल्या आहेत. लोखंड दगडाला फक्त टोकांवर पकडतं, लाकूड थोडं दबून जास्त जागी पकडतं. दगडाच्या खाली आणि बाजूला लाकडी पाचरी ठोकल्या आणि दोन्ही हातांनी जोर लावून हलतो का पाहिलं. इथे आळस करायचा नाही. कापाच्या मध्यावर दगड जराही फिरला तर पातं तिथेच वाकतं. पातं जिथे दगडाला पहिल्यांदा भेटणार तिथला उतार आधी घासून सपाट केला, कारण उतारावर पातं बाजूला घसरून सुरुवात करतं आणि तो बाक काप संपेपर्यंत जात नाही. झाकण बंद, मोटार चालू, पूर्ण वेग आल्यावर अर्धा नट टाकला.

दगड लागल्यावर आवाज बदलतो. मोटारीचा घूं घूं आवाज किंचित खाली येतो आणि त्यात एक एकसारखा सर्र आवाज मिसळतो. तो एकसारखा राहतोय ना, एवढंच ऐकायचं. मध्येच चढला-उतरला तर गाडा थांबवून कारण शोधायचं. पहिला फेरा सगळा मी शेजारी उभी राहून ऐकला. लिमिट स्विचने वेळेवर मोटार बंद केली. पातं पूर्ण थांबल्यावर झाकण उघडलं. काप जवळजवळ पूर्ण झाला होता, तळाशी दगडाचा बारीक कोंब उरला होता, तो हाताने मोडला. असा कोंब उरलेलाच बरा, कारण पूर्ण सुटलेला काप फिरत्या पात्यात अडकू शकतो.

मग शिकंजा आडव्या स्क्रूने सरकवून दुसरा काप घेतला, आणि जाडी मोजायला तोच निवडला, कारण त्याच्या दोन्ही बाजू पात्याने कापलेल्या असतात. व्हर्नियरने चार कोपरे मोजले. सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत पातळ कोपऱ्यात एक दशांश मिलिमीटरसुद्धा फरक नव्हता. कापाच्या अंगावर पात्याचे पुसट कमानी ओरखडे होते, नख फिरवलं तर जेमतेम जाणवणारे. ओरखडे खोल आले तर गाडा जलद आहे किंवा शाफ्टमध्ये खेळ आहे. एकाच कमानीची खोल रेघ ठरावीक अंतराने परत येत असेल तर पातं डुलतंय. माझ्या कापावर बाहेर पडण्याच्या टोकाशी थोडे खोल ओरखडे होते, म्हणून स्क्रूचा पट्टा एक पायरी हळूवर घेतला आणि ते गेले.

अजून दोन कामं राहिली आहेत. आडव्या स्क्रूत अर्ध्या फेऱ्याचा बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारा मोकळा खेळ, आहे, त्यामुळे जाडी ठरवताना शिकंजा नेहमी एकाच दिशेने आणावा लागतो. तो नटही गनमेटलमध्ये करायला दिला आहे. आणि झाकणाच्या मागच्या कडेतून तेलाचं धुकं थोडं बाहेर येतं. तिथे तेलाने फुगणार नाही अशा नायट्राइल रबराची पट्टी बसवायची आहे. तोपर्यंत करवत चालू असताना खिडक्या उघड्या आणि तोंडावर मास्क.